आई-बाबा, मी इथेच राहतेय

ती. आई-बाबा,

फोनवर सांगणार होते, पण तुमचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहितेय. दादा वाचून दाखवेल, आणि दादा, मध्ये स्वतःचं काही घालायचं नाही.

मी हॉस्पिटलच्या पर्मनंट पोस्टवर सही केली. म्हणजे आता कॅनडातलं हे यलोनाइफ सुटत नाही, निदान चिऊची शाळा होईपर्यंत तरी. दोन वर्षांनी परत येते म्हणाले होते ते मला चांगलं लक्षात आहे गं आई, तू बोलून दाखवणार नाहीस हेही माहितीये, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. पण इथे नर्स कायम कमी पडतात, उत्तरेकडच्या भागात राहण्याचा भत्ता, नॉर्दर्न अलाउन्स, पगारावर मिळतो, तुमच्या जावयांचंही काम आता कुठे मार्गी लागलंय, आणि बाबा, बेदाण्याच्या शेडचं जे कर्ज राहिलंय ते फिटतंय ना? फक्त पैशासाठी राहिले असं मात्र समजू नका. वॉर्डात लांबच्या गावांमधून विमानाने आणलेल्या डेने, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या, आज्या असतात, फारसं बोलत नाहीत, पण सलाईन लावताना माझा हात घट्ट धरून ठेवतात आणि मला आपली जिजी आठवते. एकीने घरी जाताना मला मूसच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, कातड्याचे हातमोजे दिले, पाठीवर मण्यांची गुलाबी फुलं, आतून लोकर, आणि धुराचा वास, कारण ते कातडं धुरावर धरून कमावतात. हुंगले आणि एकदम आपल्या द्राक्षबागेतली शेकोटी आठवली.

आता थंडीचं. आई, तू मोबाईलमध्ये उणे अडतीस बघतेस आणि मग रात्रभर झोपत नाहीस, दादाने सांगितलंय मला. अगं इथलं रेकॉर्ड उणे ५१ च्या खाली आहे, १९४७ सालचं, लोक तेव्हाही राहत होते आणि आजही वीसेक हजार राहतात. सगळं पद्धतशीर असतं. अंगाला लागून सुती कपडा घालायचा नाही, घामाने ओला झाला की तोच गारठवतो, म्हणून आधी लोकरीचं पातळ, वर जाड, वर वारा अडवणारा पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट. हातमोजे पाच बोटांचे नाहीत, एकाच पिशवीचे, म्हणजे बोटं मांजरीच्या पिल्लांसारखी एकमेकांना चिकटून ऊब धरतात. वारा असेल तर उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठू शकते, म्हणून त्या दिवशी गाल-नाक झाकल्याशिवाय चिऊला दाराबाहेर सोडतच नाही. आणि बाबा, गाडीचं तुम्ही विचारत होतात, तर इथे बॉनेटमधून एक वायर लोंबत असते, गाडी उभी केली की ती प्लगला लावायची, आतला हीटर इंजिन गरम ठेवतो, नाहीतर सकाळी गाडी चालूच होत नाही. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येसुद्धा प्लग आहेत. पलीकडच्या डेट्टा गावाला जाताना तळ्यावरच्या बर्फावरून गाडी नेतात तो फोटो बघून तू रडलीस म्हणे, पण तिथे सरकारी माणसं बर्फाची जाडी मोजतात, किती वजन चालेल त्याची पाटी लावतात, त्याशिवाय रस्ता उघडतच नाहीत.

आणि घरात चोवीस तास एकवीस डिग्री असतं गं. चिऊ हाफ पँटवर हिंडते. हवा मात्र एवढी कोरडी की नाकातून रक्त यायचं, आता ह्युमिडिफायर आणलाय आणि झोपताना नाकाला साजूक तूप लावते, तू लावायचीस तसं. विरजण ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं की मस्त लागतं. बाजरीचं पीठ एडमंटनहून येतं, तीळ-गूळ पण, संक्रांतीला गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. डिसेंबरात सूर्य दहानंतर उगवतो आणि तीनच्या सुमारास मावळतो, ते पहिल्या वर्षी जड गेलं, आता डी व्हिटॅमिन घेते आणि सकाळी अर्धा तास उन्हाची कमी भरून काढणाऱ्या पांढऱ्या दिव्यासमोर बसते. जेवते नीट. खरंच.

माझा जीव उलट तुमच्यात अडकलेला असतो. पेपरात निफाडच्या कुंदेवाडीचा पारा चार-पाचवर आला की मला धस्स होतं, कारण आपल्या घरात ना घर तापवायची भट्टी ना काही, बाहेर जेवढं गार तेवढंच आत. बाबा, लहानपणी पहाटे तुम्ही मला घोंगडीत गुंडाळून बागेत न्यायचात, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून धूर करायचात आणि मी तुमच्या मांडीवर झोपायचे, ती ऊब मला इथल्या कुठल्याच पार्क्यात मिळत नाही. पण आता तुम्ही पहाटे चारला बागेत जायचं नाही म्हणजे नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, पहाटे तर जास्तच, आणि काकांचं काय झालं ते आपण बघितलंय. धूर करायला गडी लावा, पैसे मी पाठवते. कानटोपी घरातही घाला. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही.

आणि दादा, हे तुझ्यासाठी. गॅस गिझर बाथरूमच्या आत आहे तो याच आठवड्यात बाहेर काढ. थंडी म्हणून आई खिडकी गच्च लावून आंघोळ करते, त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, त्याला वास नाही, माणसाला कळायच्या आत चक्कर येते. इथे घराघरात त्याचा अलार्म असतो. गिझर हलेपर्यंत आईने बंबाचंच पाणी घ्यायचं.

मी मे महिन्यात येतेय, बागेची खरड छाटणी उरकल्यावर, रजेचा अर्ज दिलाय. त्यानंतर पुढच्या जुलैत तुम्ही दोघं इकडे या, तेव्हा रात्री अकरा वाजून गेले तरी उजेड असतो, बोचरं काही नाही, डास मात्र आहेत. आई, गुडघ्याचं ऑपरेशन त्याच्या आधी करून घे, मी असताना, म्हणजे मेमध्येच. तारीख दादा ठरवेल. बाबांच्या पासपोर्टची मुदत संपलीये, तो आत्ताच टाका रिन्यूअलला.

रागवला असाल तर रागवा, पण रविवारी फोन उचला. चिऊ वाट बघते.

तुमची,
सोनी