बोट वाचली, दोन बोटं गेली : मंत्री महोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन

(खात्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. माझं मागचं पत्र चार टेबलांवर हिंडलं आणि ‘आमच्याशी संबंधित नाही’ असा शेरा घेऊन घरी परत आलं. यावेळी ज्यांना आपलं वाटेल त्यांनी उघडावं.)

विषय : नांगरलेल्या बोटींची सुरक्षा आणि माझ्या उजव्या हाताची दोन बोटं

स. न. वि. वि.

मी शिडाची यॉट भाड्याने चालवतो. तेहतीस फूट लांब, एक डोलकाठी, दोन शिडं, पोटात लहानसं डिझेल इंजिन. आजोबा तांडेल, वडील तांडेल. मी मासळीऐवजी माणसं नेतो, एवढाच फरक. मासळी कटकट कमी करते. हे पत्र मी बोलतोय आणि पुतण्या टाईप करतोय, कारण हाताची पट्टी अजून सुटलेली नाही. शुद्धलेखन त्याचं, राग माझा.

गेल्या महिन्यात पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दादरचं एक कुटुंब घेऊन गेटवेहून मांडव्याकडे गेलो होतो. आजींची पंचाहत्तरी होती. त्यांना पंचाहत्तर पणत्यांनी बोटीवर औक्षण करायचं होतं. मी म्हटलं, डिझेलच्या टाकीवर बसून पणत्या पेटवायच्या नाहीत, बॅटरीवाल्या आणा. जावईबापूंना राग आला, पण आणल्या. मांडव्याच्या धक्क्यापासून लांब, लाँचच्या वाटेबाहेर नांगर टाकला. इंजिन मागे मारून तो चिखलात रोवला, किनाऱ्यावरचा एक माड आणि त्यामागचं एक छप्पर एका रेषेत धरून दहा मिनिटं बघत बसलो. रेषा हलली नाही. मग काळा गोळा वर चढवला. बोट नांगरलेली आहे याची ती दिवसाची खूण, जगभर तीच. आजी म्हणाल्या, “नजर लागू नये म्हणून का रे?” मी हो म्हटलं. आता वाटतं, गोळा लहान पडला.

अकराच्या सुमारास भरती चांगली चढली होती. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे पाणी चार मीटर, कधी त्याहून जास्त वर येतं. म्हणून आणखी दहा मीटर साखळी सोडायला नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, गेलो. साखळीची एक कडी विंचवर, साखळी ओढायच्या चाकावर, आडवी बसली होती, ती हाताने सरळ करायला गेलो. चूक माझी होती, आधीच कबूल करतो. भाराखालच्या साखळीला हात लावायचा नाही, हे मीच दर वर्षी नव्या पोरांना ओरडून सांगतो. पण वारा पडलेला, पाणी सपाट, साखळी सैल. भार नव्हताच. भार आला तो एका स्पीडबोटीबरोबर. वीस-पंचवीस मीटरवरून ती पूर्ण वेगात गेली, मागे दोन पांढऱ्या भिंती उभ्या करून. नाळ वर उडाली, साखळी ताणली गेली आणि तर्जनी नि मधलं बोट साखळी आणि रोलरच्या मध्ये सापडलं. आवाज ऊस चरकात घातल्यासारखा आला. दुखलं नंतर.

स्पीडबोटवाल्याने हात हलवला. त्याला वाटलं, मीच हात केला.

आजी निवृत्त नर्स निघाल्या, हे माझं नशीब. त्यांनी टॉवेल फाडला, करकचून बांधला आणि माझा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवून म्हणाल्या, “खाली करायचा नाही.” वायरलेसवर हाक दिली. बोटीचं नाव, जागा, माणसं किती, सगळं विचारून झालं, पण येण्यासारखी बोट जवळ नव्हती. धक्क्यावर उतरून अलिबागला जाता आलं असतं. पण बोटीवर सहा पाहुणे आणि एक बावीस वर्षांचा खलाशी, ज्याच्याकडे अजून सर्टिफिकेट नाही. बोट त्याच्या हवाली करणं कायद्यात बसत नाही. म्हणून मांडवा ते गेटवे, पाच नॉटने (ताशी नऊएक किलोमीटर) दीड-दोन तास, मी बसून दिशा सांगत आलो आणि आजी माझा हात धरून बसल्या. त्यांचं औक्षण राहिलंच. जावईबापूंनी उतरताना अर्धे पैसे परत मागितले. मी दिले.

पुढे एका ठाण्यात तक्रार द्यायला गेलो. पहिला प्रश्न हद्दीचा. पाणी कुणाचं? जागा रायगडच्या बाजूची, बोट मुंबईची, मी जखमी झालो समुद्रात आणि रडतोय जमिनीवर. दुसरा प्रश्न, “बोटीचं काय नुकसान झालं?” मी म्हटलं, बोटीचं नाही, बोटांचं. त्यांनी दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी कागदावर जे उतरलं त्यात ‘बोट सुस्थितीत’ एवढंच वाचता येतं.

आता मुद्द्यावर येतो, साहेब. तुमच्या माणसांनी मला अकरा वर्षं तपासलंय. दर वर्षी लाईफ जॅकेटं मोजतात, आग विझवायचं नळकांडं उलटंसुलटं करून तारीख बघतात, रंग उडालाय का बघतात. एकाने एकदा शिडाकडे बोट दाखवून विचारलं, “इंजिन आहे ना? मग हे कशाला?” पण अकरा वर्षांत एकानेही विचारलं नाही, की बाबा, तुझी साखळी किती मीटर आहे?

हा प्रश्न साधा आहे आणि उत्तराला बेरीज-गुणाकार पुरतो. साखळी पाण्याच्या खोलीच्या पाचपट सोडायची, हा साधारण हिशेब. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तीन मीटर पाणी असलं तर नवखा माणूस तीन गुणिले पाच, पंधरा मीटर साखळी सोडतो आणि जेवायला बसतो. सहा तासांनी भरती चार मीटर चढवते. झाले सात. नाळेची उंची एक. झाले आठ. आठ मीटरला पाचपट धरलं तर साखळी हवी चाळीस, दोरखंड असेल तर त्याहूनही जास्त, सातपट. त्याची पंधराच बाहेर आहे. साखळी तळाशी आडवी पडून राहिली तर नांगर चिखलात खोल जातो. ती तिरकी वर उठली की नांगरच उपटते. मग पाण्याला ओढ असली की बोट माणसांसकट शेजाऱ्यावर जाते. रविवारी गेटवेसमोर किती बोटी अशा पंधरा मीटरवर झोपलेल्या असतात, हे मी मोजायला बसलो होतो. शंभरापर्यंत बोटी मोजल्या आणि सोडून दिलं, कारण निम्म्यांची साखळी दिसतच नाही, सरळ नायलॉनचा दोर.

त्यात शिडाच्या बोटीची एक वेगळी खोड असते. तिला पोटाखाली खोल कणा असतो, त्यामुळे ती पाण्याच्या ओढीकडे तोंड करून उभी राहते. मोटरलाँच वरून जड, खालून उथळ, ती वाऱ्याकडे तोंड करते. दर सहा तासांनी पाणी फिरलं की माझी बोट इकडे वळते आणि शेजारची लाँच तिकडे, आणि मध्ये दोघांचे दोर एकमेकांत. चाळीस मीटर साखळी आणि दहा मीटर बोट म्हणजे मला फिरायला सुमारे शंभर मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. गेटवेसमोर शंभर मीटरचं वर्तुळ मागणं म्हणजे दादर स्टेशनवर सहाच्या लोकलमध्ये पाय पसरून झोपायला मागणं. म्हणूनच जगात जिथे गर्दी आहे तिथे तळाशी जड ठोकळे बसवून त्यांना कायमचे तरंगते बोये बांधतात. बोट बोयाला बांधली की साखळी आखूड पुरते, वर्तुळ लहान होतं, एकाच्या जागेत चौघे मावतात. रॉकेट उडवायचं नाहीये. काँक्रीट, साखळी, बोया.

आणि हे तुम्ही कबूलही केलं होतं. मागच्या वर्षी पावसाळ्यात, बोटी वर काढलेल्या असताना, आम्हा बोटवाल्यांची बैठक झाली. चहा होता, काजूकतली होती. समोरचे अधिकारी म्हणाले, दिवाळीपर्यंत बोये लागतील, नांगरलेल्या बोटींजवळ वेगाची मर्यादाही येईल. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेव्हा माझ्याकडे टाळी वाजवायला दहा बोटं होती. दिवाळी गेली. कुठली दिवाळी, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, हेही खरं.

18 डिसेंबर 2024 नंतर तरी काही बदलेल असं वाटलं होतं. घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची इंजिन-चाचणीवरची स्पीडबोट येऊन आदळली. परवाना 84 प्रवाशांचा, बोटीवर माणसं शंभरावर. आकडा आधी 13 होता, मग 14, शेवटी 15 जीव गेले. त्यानंतर आठवडाभर गेटवेवर जॅकेट घातलेली माणसं दिसली, कॅमेरे होते तोवर. त्याआधी 2018 च्या ऑक्टोबरमध्ये समुद्रातल्या शिवस्मारकाच्या कामासाठी निघालेली स्पीडबोट खडकावर आपटून बुडाली, एक तरुण गेला. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली, दोघे गेले. दर वेळी चौकशी, दर वेळी समिती, दर वेळी जॅकेट. जॅकेट हवंच, मीही कुणाला त्याशिवाय चढू देत नाही. पण जॅकेट हे बुडल्यावरचं औषध आहे हो. न बुडण्याचं काय?

रात्रीचंही सांगतो. नांगरलेल्या बोटीवर एक पांढरा दिवा लागतो, जो चहूबाजूंनी दिसेल. तो मी डोलकाठीच्या टोकावर लावतो, पाण्यापासून चौदा मीटर वर. स्पीडबोट चालवणारा पोरगा पाण्याच्या पातळीवर बघतो, एक डोळा मोबाईलवर. त्याच्या लेखी तो दिवा म्हणजे कुलाब्यातल्या कुणाचा तरी फ्लॅट. म्हणून मी एक जास्तीचा कंदील खाली, छातीइतक्या उंचीवर टांगतो. ही युक्ती मला कुठल्या परिपत्रकाने शिकवली नाही, बापाने शिकवली.

तुम्ही भाषणात म्हणता, महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा किनारा लाभलाय. आता नव्या मोजणीत तो 877 भरला म्हणे. बसल्या जागी दीडशे किलोमीटर वाढला! त्या वाढीव किनाऱ्यातली तीनशे मीटर जागा बोयांसाठी द्या ना. अंतर्देशीय जलयानांचा 1917 चा कायदा जाऊन 2021 चा नवा आला, टेबलं मात्र तीच. 26/11 नंतर आमची ओळखपत्रं झाली, बोटींना रंग ठरवून दिले, आम्ही सगळं केलं. कसाबची टोळी मच्छीमार नगरच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा त्यांना हटकलं ते आमच्याच कोळी लोकांनी. तरी आजही पहाटे शिड चढवलं की संशयित मीच. शिड म्हणजे यांना एक तर पार्टी वाटते नाही तर घुसखोरी.

मांडव्याहून दक्षिणेला थळकडे वळलं की खांदेरी दिसते. 1679 साली महाराजांनी तिथे तट घालायला सुरुवात केली तेव्हा इंग्रजांची मोठाली जहाजं नांगरून वाट अडवून उभी होती. आणि आपली लहान गलबतं रात्री, वारा आणि भरती साधून, त्यांच्या नाकाखालून रसद पोचवत होती. त्या खलाशांना पाण्याची ओढ कळत होती, कारण कळणाऱ्यांना तेव्हा दरबारात किंमत होती. आरमाराचे जनक म्हणून महाराजांचं नाव घ्यायला तुम्ही कधी चुकत नाही. 2016 च्या डिसेंबरमध्ये समुद्रात शिवस्मारकाचं जलपूजन झालं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा 2023 च्या डिसेंबरमध्ये उभा राहिला, 2024 च्या ऑगस्टमध्ये कोसळला. या राज्यात समुद्रात काय उभं करायचं हे ठरवणाऱ्यांना समुद्र कधी ओला लागलाच नाही, असं माझं मत आहे. चुकीचं असेल तर सांगा. अभिलाष टॉमी 2013 साली एकट्याने, कुठेही न थांबता, शिडावर पृथ्वीला वळसा घालून मुंबईतच परत आले. राष्ट्रपती स्वागताला आले होते. जगाला वळसा घालणाऱ्यांना जे शहर हार घालतं, तिथे शिडाची बोट रात्री बांधून ठेवायला जागा नाही.

माझं म्हणाल तर हातावर झालेला खर्च कुणाकडे मागणार. स्पीडबोटीचा नंबर मला दिसला नाही, खलाश्याला दिसला त्यातले दोन आकडे पुसलेले होते. हंगाम आहे तो मेअखेरपर्यंत, मग पावसाळ्यात सगळं बंद. त्यातला महिना गेलाच. सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणजे शिड शिवता येत नाही. गाठ मारायला घेतली की अंगठा तर्जनी शोधत राहतो. बायको म्हणते, बोट विकून टाक. कुठली, हे मी तिला विचारत नाही.

तरीही विनंती करतो, कारण पत्राला विनंती लागते. गेटवे आणि मांडव्याला बोये लावा. नांगरलेल्या बोटींपासून दोनशे मीटरच्या आत पाच नॉटची मर्यादा घाला, आणि ती मोडणाऱ्याचा परवाना खरोखर काढून घ्या. शनिवार-रविवारी मांडव्याला एक मदतबोट उभी ठेवा, तीत एक शिकलेला माणूस आणि प्रथमोपचाराची पेटी असू द्या. आजी काही दर ट्रिपला नसतात. आणि तपासणीच्या फॉर्मात एक ओळ वाढवा : साखळी, मीटर. छपाईचा खर्च जास्त वाटत असेल तर ती ओळ मी हाताने लिहून देईन, डाव्या.

साहेब, एकदा बोटीवर या. फोटोवाले आणले तरी चालतील, जॅकेटं बारा आहेत. उधाणाच्या दिवशी सुकतीला नांगर टाकू आणि भरती भरेपर्यंत तिथेच बसू, सहा तास. नाश्ता माझ्याकडे. सोबत तो शिडाबद्दल विचारणारा अधिकारी आणि एक मोजपट्टी आणा. माझी साखळी पन्नास मीटर आहे, दर दहा मीटरला लाल रंग लावलाय. विसाव्या मीटरवर आता थोडा जास्त लाल आहे, तो रंग नाही. चपला धक्क्यावर काढाव्या लागतील, डेकचा नियम आहे, सगळ्यांना सारखा.

आपला,
एक नाखवा
(आठ बोटं, एक बोट)

ता. क. : आजींचा परवा फोन आला. औक्षण राहिलंय, पुन्हा येते म्हणाल्या. तारीख दिली नाही अजून, बोये लागले की कळवतो म्हटलं. त्यांचं वय पंचाहत्तर आहे, एवढं फाइलवर घ्यावं.