‘शोले’चं जॅकेट भिंगातून बघावं लागलं

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘शोले’वर पानभर मजकूर आला. मी तो दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं आपल्याच नजरेतून काहीतरी सुटलं. गब्बर आहे, ठाकूर आहे, बसंतीची बडबड आहे, टांग्यातली घोडीसुद्धा आहे. संगीतकार राहुलदेव बर्मन, म्हणजे आपले पंचमदा, यांच्या वाट्याला मात्र दीड ओळ, आणि तीही ‘मेहबूबा’पुरती. सोबत गाण्यांच्या रेकॉर्डचं जॅकेट छापलंय, पण इतकं बारीक की त्यावरची अक्षरं बघायला मला भिंग काढावं लागलं. ते जॅकेट माझ्या घरी आहे, म्हणून हे पत्र लिहितोय.

नागपूरच्या महाल भागात माझ्या मामांचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. लग्न असो, गणपती असो, मारबतीची मिरवणूक असो की कोणाची प्रचारसभा, भोंगे आमचेच. पॉलिडोर कंपनीनं ‘शोले’च्या गाण्यांची रेकॉर्ड काढली आणि मग नुसत्या संवादांचीही वेगळी काढली. गणपतीत लोक गाणी कमी आणि संवादच जास्त मागायचे. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. मला सगळं तोंडपाठ. आई म्हणायची, ‘‘सतराचा पाढा येत नाही, अन् गब्बर बरा येते तुले!’’

गाण्यांची रेकॉर्ड मामा सहसा कोणाच्या हाती देत नसत. मंडपात वायरी जोडून झाल्या की आवाज तपासायला ते दर वेळी एकच गोष्ट लावायचे, त्या रेकॉर्डवरचं टायटल म्युझिक. मी एकदा विचारलं, हेच का? तर म्हणाले, ‘‘यात खालचा सूर आहे, वरचा आहे, गाणारं कोणी नाही. भोंगा फाटला असन तर लगेच समजते.’’ संगीताची याहून चांगली परीक्षा मी आजवर वाचलेली नाही. आधी गिटारचे सपासप ओढलेले झटके, मग त्यावर तो हॉर्न दुरून हाक मारल्यासारखा येतो. चांगल्या भोंग्यातून तो हॉर्न थेट बडकस चौकापर्यंत जायचा, आणि सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभे असलेले लोक वळून बघायचे.

पडद्यावर त्या वेळी काय चाललेलं असतं, आठवा. गाडी स्टेशनात येते, पोलीस अधिकारी उतरतो, ठाकूरचा नोकर रामलाल घोडे घेऊन उभा असतो, आणि दोघं निघतात. ना मारामारी, ना कोणी हिरो, नुसता रस्ता. खडक, माळ, मग माणसांची वस्ती. नावांच्या पाट्या येत-जात राहतात आणि गोष्ट कुठं घडणार ते संगीत सांगत राहतं. माझ्या मते सबंध सिनेमातला हा सर्वांत धीट तुकडा. इतका वेळ नुसती घोडदौड दाखवायची तर संगीतकारावर केवढा भरवसा हवा!

दुसरी जागा माउथ ऑर्गनची. रात्र पडतेय, ठाकूरची विधवा सून राधा व्हरांड्यातले दिवे एकेक करून मालवतेय, समोर जय बसून वाजवतोय. शब्द एकही नाही. तो बाजा भानू गुप्ता यांनी वाजवलाय, बर्मन यांच्याकडचे गिटारवादक. त्या चालीत फार काही घडत नाही. ती थोडी वर चढते, अडखळते, परत खाली येते. विधवा बाईकडे बघणाऱ्या माणसानं किती बोलावं, तेवढंच ती बोलते.

आणि बसंतीचा टांगा डाकूंच्या पुढे पळतो तिथला तबला. बनारसचे पंडित सामताप्रसाद! पाठलागाला कोणीही ट्रम्पेट आणि व्हायोलिनचा गोंधळ घातला असता. इथं टापा आणि तबला, आणि कोणाचं काय हेच कळेनासं होतं. गाण्यांच्या रेकॉर्डवर हा तबला नाही. तो ऐकायला आम्ही पुन्हा पुन्हा टॉकीजमध्ये पैसे घालायचो. घरच्यांना सांगायचो, मारामारी बघायला जातो.

वाद्यं जिथं थांबवली त्या जागाही बघा. ठाकूरच्या घरातली माणसं मारली जातात, तिथं झोपाळ्याची करकर आहे. झोपाळ्याची करकर कुठवर चालू द्यायची आणि कुठं तोडायची, हे संकलकाच्याही हातात असतं. ‘शोले’ला त्या वर्षी फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं, ते संकलनाचं, आणि ते मिळालं एम. एस. शिंदे या मराठी माणसाला. संगीताचं ‘ज्युली’साठी राजेश रोशन यांना गेलं. आपल्या पानावर शिंद्यांचं नाव कुठंच नव्हतं, हे मराठी पेपरला बरं दिसत नाही.

नुसतं कौतुकच करतोय असं नको वाटायला. ज्या ‘मेहबूबा’ला आपण ती दीड ओळ दिलीत त्याची चाल ग्रीक गायक डेमिस रूसोसच्या गाण्यावरून घेतलेली आहे. पंचमदांनी ते गाणं स्वतः गायलं आणि त्याचं सोनं केलं हे खरं, पण त्यांच्या खात्यात मोठ्या अक्षरांत मांडायचंच तर टायटल म्युझिक मांडा.

आता जॅकेट. मी धंद्यानं पेंटर. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, फ्लेक्स आलं आणि ब्रश धुऊन ठेवले. अक्षरं मी कोणत्या शाळेत शिकलो नाही. मामांच्या दुकानात कपाटाच्या बाजूला रेकॉर्डी उभ्या लावलेल्या असत, आणि सगळ्यात पुढे ‘शोले’. बारा इंच बाय बारा इंच म्हणजे पोराच्या मांडीवर मावणारी पाटीच. मी जॅकेट मांडीवर घेऊन वहीत ती सहा इंग्रजी अक्षरं काढत बसायचो. ही अक्षरं सी. मोहन यांच्या हातची, हे मला फार पुढे कळलं. जाडजूड, चिऱ्यासारखी, बाजूनं खोली दाखवलेली. आमच्या धंद्यात याला शेड मारलेलं अक्षर म्हणतात. एरवी शेड हा नुसता शृंगार असतो, पण इथं ती शेड काढली तर अक्षराचं वजनच जाईल. सिनेमाचं नाव आगीचं आणि अक्षर दगडाचं, ही त्यातली खुबी.

मी तेच मराठीत करायला गेलो आणि आपटलो. पहिली पाटी इतवारीतल्या एका तेलघाणीची. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं राहतं, त्यामुळे चिऱ्यासारखं दाखवता येतं. आपलं अक्षर शिरोरेखेला लटकतं. त्याला खालून जाडी दिली की ते वाळत घातलेल्या ओल्या सतरंजीसारखं दिसतं. मालक म्हणाले, ‘‘पेंटर, अक्षरं गळून राहिली की हो!’’ तीन दिवस पाटी घरात उलटी ठेवली. मग सुचलं की वजन शिरोरेखेला द्यायचं. ती घराच्या आढ्यासारखी जाड करायची, सावली तिच्याखाली पाडायची आणि अक्षरांचे पाय बारीक ठेवायचे. सुतानं रेघ मारून पुन्हा रंगवली. त्या पाटीवरून मला पुढे निदान वीस कामं आली. बहुतेक गिऱ्हाईक यायचे आणि म्हणायचे, ‘‘शोलेसारखं पाहिजे.’’ मटणाच्या दुकानाला, सायकलवाल्याला, एकदा तर एका शिकवणी वर्गाला.

अशा जॅकेटवर, त्या काळच्या बहुतेक हिंदी जॅकेटवर, मागच्या बाजूला गीतकार, संगीतकार, गायक सगळे असतात. बाजा कोणी वाजवला आणि अक्षर कोणी काढलं, हे नसतं. ‘दीवार’चं पोस्टर दिवाकर करकरे यांनी रंगवलं हे किती जणांना माहीत आहे? बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग, मारुतीराव कीर ही पंचमदांच्या पाठीशी उभी असलेली माणसं. त्यांच्याबद्दल वाचायला आम्हाला जुन्या मासिकांच्या रद्दीत हात घालावा लागतो. आता तर गाणी मोबाइलवर, आणि जॅकेट टपाल तिकिटाएवढं. माझा नातू म्हणतो, ‘‘आजोबा, बोटांनी मोठं करून बघता येतं ना.’’ येतं, पण फुटतं.

जॅकेटवरची एक गंमत सांगतो. गाण्यांच्या यादीत एक कव्वाली आहे, ‘चांद सा कोई चेहरा’. किशोरकुमार, मन्ना डे, भूपिंदर आणि गीतकार आनंद बक्षी स्वतः, असे चौघं गायलेत. सिनेमात ती नाहीच. आमच्या मोहल्ल्यात यावरून पैजा लागायच्या. नवीन माणूस दिसला की, ‘‘शोलेत कव्वाली आहे का नाही, सांग?’’ तो नाही म्हणाला की जॅकेट दाखवायचं, हो म्हणाला की टॉकीजला पाठवायचं. हरणारा सगळ्यांना चहा पाजणार. मामांनी या जॅकेटच्या जिवावर किती चहा फुकट प्यायला असेल, देव जाणे.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या एखाद्या रविवारी ते जॅकेट पुढून-मागून, अर्ध्या पानाएवढं छापा. नटांचे फोटो त्या दिवशी नसले तरी चालतील, ते सगळ्यांनी पाहिलेले आहेत. माझ्या जॅकेटच्या दोन कडांना सेलोटेप आहे, आणि एका कोपऱ्यात मामांच्या हातचं निळ्या शाईतलं ‘भाड्यानं नाही’ आहे. तेवढं पुसू नका. छायाचित्रकाराला सकाळी दहाच्या आत पाठवा. त्यानंतर ऊन थेट भिंतीवर येतं आणि मला जॅकेट कपाटात ठेवावं लागतं.

आपला,
एक जुना पेंटर, महाल, नागपूर