आधी वजनकाटा, मग लेन्सचे कपाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटनाच्या पुरवण्यांतून 'परदेशी फोटोग्राफीला जाताना काय काय न्याल' अशा याद्या छापून येऊ लागतात. काय न्यावे हे त्या भरभरून सांगतात, पण काय घरी ठेवावे याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. वाइड, स्टँडर्ड, टेली, मॅक्रो, ट्रायपॉड, फ्लॅश, ड्रोन ही यादी कागदावर छान दिसते आणि चेक-इनच्या काउंटरवर कोलमडते. कोणती लेन्स चांगली हा प्रश्न नंतरचा. किती वजन आपल्या हातात राहणार आहे, हे आधी ठरवायला हवे.

अनेक विमान कंपन्या इकॉनॉमी वर्गात केबिन बॅगेला सात किलोची मर्यादा घालतात. आकार साधारण ५५ × ४० × २० सेंटिमीटर. काही कंपन्या वजन पाहतच नाहीत, पण परतीचे किंवा मधले विमान दुसऱ्या कंपनीचे असू शकते. म्हणून सगळ्या टप्प्यांतली सर्वांत कडक मर्यादा धरून चालावे. आता हिशेब करू. गादीचे कप्पे असलेली कॅमेरा बॅकपॅक रिकामीच दोन किलो भरते. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) मिररलेस बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, साधारण ७०० ग्रॅम, अशा दोन म्हणजे १.४ किलो. २४-१०५ एफ/४ लेन्स (आधी मिलिमीटरमधली फोकल लांबी, मग प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा आकडा) सुमारे ७०० ग्रॅम, ७०-२०० एफ/४ सुमारे ८००, ३५ मिमी एफ/१.८ तीनशेच्या आत. चार बॅटऱ्या सव्वातीनशे ग्रॅम. चार्जर, कार्डे, एसएसडी आणि फिल्टर मिळून अर्धा किलो. बेरीज सहा किलोला टेकली आणि लॅपटॉप अजून बाहेरच आहे. तो आत गेला की मर्यादा ओलांडली.

या हिशेबात ७०-२०० एफ/४ च्या जागी एफ/२.८ घातली, तर मॉडेलनुसार पाव ते पाऊण किलो वाढते. बदल्यात मिळतो एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ३२०० ऐवजी १६०० वर काम भागेल, एवढाच त्याचा अर्थ. आजच्या सेन्सरवर आणि नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे दिवसाउजेडी फिरणाऱ्याला हा स्टॉप महाग पडतो. खेळाचे किंवा मंद उजेडातल्या रंगमंचाचे फोटो काढायचे असतील तर गोष्ट वेगळी.

दोन बॉडी कशाला, असे अनेकांना वाटते. माझे मत ठाम आहे: तिसरी लेन्स घरी ठेवा, दुसरी बॉडी घ्या. लेन्स बिघडली तर दुसऱ्या फोकल लांबीवर काहीतरी जमवता येते. एकुलत्या बॉडीचे शटर अडकले किंवा ती खाऱ्या पाण्यात पडली, तर उरलेला प्रवास मोबाइलवर काढावा लागतो. दुसरी बॉडी त्याच माउंटची, म्हणजे त्याच लेन्स बसणारी, आणि शक्यतो तीच बॅटरी घेणारी असावी. ती एपीएस-सी, म्हणजे छोट्या सेन्सरची, असली तर आणखी बरे, १.५ पटीच्या क्रॉपमुळे ७०-२०० ही लेन्स १०५-३०० सारखी वागते आणि टेलीची एक लेन्स वाचते.

कोणत्या लेन्स घ्यायच्या, याचे उत्तर मित्रांकडे नसते, आपल्याच हार्ड डिस्कवर असते. लाइटरूम या फोटो सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत गेल्या दोन-तीन प्रवासांचे फोटो उघडा, फक्त चार-पाच ताऱ्यांचे ठेवा आणि मेटाडेटाच्या पट्टीत लेन्स व फोकल लांबी लावून आकडे बघा. ज्या १४ मिमीसाठी जीव टाकला तिच्यावर ठेवण्याजोगे फोटो जेमतेम चार, आणि निम्मे चांगले फोटो ३५ ते ७० च्या मध्ये, असे चित्र बरेचदा निघते. निकाल मनाला पटत नाही, पण तो मानावा.

अर्थात जागा बदलली की गणित बदलते. आइसलँड किंवा उत्तर नॉर्वेत अरोरा (आकाशातला ध्रुवीय प्रकाश) टिपायचा तर २० मिमी एफ/१.८ किंवा १४-२४ एफ/२.८ ला पर्याय नाही. आयएसओ १६०० ते ३२०० आणि पाच ते पंधरा सेकंदांचे एक्स्पोजर हाती धरून होत नाही, म्हणून ट्रायपॉडही आला. पूर्व आफ्रिकेतल्या सफारीत तोच ट्रायपॉड जीपमध्ये अडगळ होतो. तिथे कापडी बीनबॅग रिकामी न्यावी आणि पोहोचल्यावर धान्याने भरावी. दोन बॉडींवर दोन लेन्स, उदाहरणार्थ १००-४०० आणि २४-१०५, सकाळीच चढवून ठेवाव्यात. धुळीत लेन्स बदलली की संध्याकाळी आकाशाच्या प्रत्येक फोटोत सेन्सरवरचे ठिपके दिसतात. तिथल्या छोट्या विमानांत सामानाची मर्यादा अनेकदा सगळे मिळून १५ किलो असते, तीही मऊ बॅगांतच. कडक कवचाची कॅमेरा पेटी तिथे अडते. शहरे आणि बाजार फिरणाऱ्याने मात्र एक स्टँडर्ड झूम आणि एक छोटी प्राइम (झूम न होणारी लेन्स) एवढ्यावर थांबावे. ६०० मिमीसारखी जड लेन्स तीन दिवसांसाठीच लागणार असेल, तर ती मुक्कामाच्या शहरात भाड्याने मिळते का हे निघण्यापूर्वी पाहून आरक्षित करावी.

बॅटऱ्यांबाबत सर्वाधिक गोंधळ दिसतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. नियम वॉट-तासांत मोजतात: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. ७.२ व्होल्ट आणि २२८० मिलिअँपिअर-तासांची कॅमेऱ्याची बॅटरी सुमारे १६ वॉट-तासांची होते, म्हणजे १०० च्या मर्यादेपेक्षा कितीतरी खाली. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-तास भरते. १०० ते १६० च्या मधल्या, म्हणजे व्हिडिओवाल्यांच्या मोठ्या बॅटऱ्या, विमान कंपनीच्या परवानगीने फार तर दोन सुट्या नेता येतात. त्यावरच्या प्रवासी सामानात चालत नाहीत. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर प्लास्टिकचे झाकण किंवा चिकटपट्टी हवी. बॅगेत किल्ली किंवा नाणे टोकांना भिडले की शॉर्ट सर्किट होते. २०२५ पासून अनेक कंपन्यांनी उड्डाणात पॉवर बँक वापरायला बंदी घातली आहे, त्यामुळे विमानात बसून चार्जिंग उरकू हा बेत सोडून द्या.

एक बारकावा फार कमी जण ध्यानात घेतात. वरचे कप्पे भरले की दारातच केबिन बॅगेला टॅग लावून ती खाली पाठवतात. तेव्हा बॅटऱ्या काढून जवळ घ्याव्याच लागतात. म्हणून बॅटऱ्या, कार्डे आणि एक बॉडी अशा छोट्या थैलीत ठेवा की ती एका हाताने उपसता यावी. कप्प्याकप्प्यांत विखुरलेल्या बॅटऱ्या शोधत रांग अडवणारा फोटोग्राफर विमानतळावर नवा नाही.

चेक-इन बॅगेत ट्रायपॉड, क्लॅम्प, केबल्स आणि षट्कोनी चाव्यांसारखी हत्यारे जाऊ द्या. ट्रायपॉडचे हेड उघडून वेगळे गुंडाळा. जोडलेले ठेवले तर आपटल्यावर त्याचा नॉब वाकतो. लेन्स तिथे नकोच. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार हरवलेल्या सामानाची भरपाई प्रत्येक प्रवाशामागे मर्यादित आहे: २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक). त्यात एक चांगली टेली लेन्सही येत नाही. उपकरणांचा वेगळा विमा काढताना 'वाहनात सोडलेले सामान' हे कलम आवर्जून वाचा. गाडीच्या डिकीतून चोरी झाली की दावे याच कलमावर फेटाळले जातात.

कस्टम्ससाठी मेक, मॉडेल आणि अनुक्रमांकांची यादी व खरेदीच्या पावत्या जवळ असाव्यात. निघतानाच ही उपकरणे कस्टम्सकडे नोंदवून दाखला घेतला, तर परतताना 'हे तिकडे विकत घेतले का' या प्रश्नाला कागद दाखवता येतो. व्यावसायिक कामासाठी भरपूर सामान नेणाऱ्यांनी एटीए कार्नेची, म्हणजे सामान तात्पुरते व शुल्क न भरता परदेशी नेऊ देणाऱ्या कस्टम्सच्या कागदाची, चौकशी करावी. ड्रोनचा मोह मात्र आवरा. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये परवानगीशिवाय ड्रोन आणला की तो विमानतळावरच अडकतो, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत तो उडवायला २०१४ पासून मनाई आहे. ट्रायपॉडही सगळीकडे चालत नाही. अनेक संग्रहालये आणि चर्च तो दारातच ठेवून घेतात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात उतरणाऱ्यांनी ट्रायपॉडच्या पायांना आणि बुटांना लागलेली माती आधीच घासून काढावी. तिथले जैवसुरक्षा अधिकारी मातीच्या कणावरूनही सामान उघडायला लावतात.

फिल्मवाल्यांसाठी दोन ओळी. केबिनच्या तपासणीला आता सीटी स्कॅनर येत आहेत आणि ते न धुतलेल्या फिल्मवर धुके आणतात, वेग १०० असो वा ८००. फिल्म पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवून हाताने तपासण्याची विनंती करावी. चेक-इन सामानात ती कधीच टाकू नये.

साठवणुकीचा हिशेबही आधीच करावा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) ३० एमबीची आणि दिवसाला ६०० फोटो धरले तर १८ जीबी होतात; बारा दिवसांचे २१६ जीबी. १२८ जीबीची चार कार्डे आणि एक टीबीच्या दोन एसएसडी घेतल्या तर कार्ड पुसण्याची वेळच येत नाही. एक एसएसडी आपल्या बॅगेत, दुसरी सहप्रवाशाच्या. दोन्ही एकाच बॅगेत ठेवल्या तर तो बॅकअप नव्हे, ओझे.

चार्जरवर '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे छापले असेल तर तो जपानच्या १०० व्होल्टवर आणि युरोपच्या २३० वरही चालतो; फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागतो. अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. कॅमेरा यूएसबी-सीवर चार्ज होत असला तरी एक स्वतंत्र चार्जर घ्या. रात्री बॉडी केबलला अडकून पडली तर ताऱ्यांचे फोटो कशाने काढणार?

थंड मुलुखात शून्याखाली पंधरा-वीस अंशांवर बॅटरी झपाट्याने बसते, म्हणून सुट्या बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवाव्यात. परत खोलीत शिरण्यापूर्वी, बाहेर असतानाच, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करावा म्हणजे दव पिशवीवर जमते, लेन्सवर नाही. तासाभराने पिशवी उघडा. कार्ड आधीच काढून घ्या, नाहीतर त्या तासात फोटो पाहण्याच्या घाईने पिशवी उघडली जातेच.

सफाईसाठी हवेचा रबरी फुगा आणि दोन मायक्रोफायबर कापडे पुरेत. दाबाखालची हवा भरलेले डबे विमानात चालत नाहीत आणि त्यांतला द्रव सेन्सरवर डाग पाडतो. वेगवेगळ्या व्यासांच्या लेन्ससाठी वेगवेगळे पोलरायझर (चकाकी कमी करणारे फिल्टर) नकोत: एकच ७७ मिमीचा घेऊन ६७ आणि ७२ साठी स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा. १६ मिमीसारख्या रुंद लेन्सवर पोलरायझर आकाशात गडद पट्टा उमटवतो, तिथे तो काढून ठेवलेला बरा.

शेवटी ज्या वस्तूमुळे महागडे सामान निकामी होते तिच्याकडे या. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवणारी प्लेट घरच्या दुसऱ्या कॅमेऱ्याला लागलेली राहते आणि दोन किलोचा ट्रायपॉड परदेशभर उगाच फिरतो. निघण्याच्या दोन आठवडे आधी बॅग पूर्ण भरून अर्धा दिवस बाहेर काढा, तीच बॅग, त्याच लेन्स, तेच बूट. प्रत्येक कार्डावर फोटो काढून बघा, दोन्ही बॉडींची घड्याळे सेकंदाला जुळवा. फर्मवेअर (कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर) अद्ययावत करायचे असेल तर तेही याच दिवशी, कारण त्यानंतर काही कॅमेरे दुसऱ्या कंपनीच्या बॅटऱ्या नाकारतात आणि हे विमानात बसल्यावर कळून उपयोग नाही. त्या अर्ध्या दिवसात जी लेन्स बॅगेतून बाहेरच आली नाही, ती घरी ठेवा.

आपला,
एक वाचक