सारांशाला पाच गुण, युक्तिवादाला शून्य : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री, गोवा राज्य,

सादर नमस्कार.

गेल्या वर्षी मराठी शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात आम्हांला शब्द दिला गेला होता. दहावीला भाषण किंवा वैचारिक उतारा देऊन 'वक्ता आपले म्हणणे कसे पटवतो' हे विचारले जाईल, असा. आम्ही त्या भरवशावर वर्षभर शिकवले. परवा नमुना प्रश्नपत्रिका आली. 'उताऱ्याचा सारांश तुमच्या शब्दांत लिहा. गुण ५.' उत्तरसूचीत पाच मुद्दे, एका मुद्द्याला एक गुण. लेखकाने पुरावा न देता नुसती भीती घालून म्हणणे गळी उतरवले आहे, हे ज्या मुलीला दिसेल तिला त्या सूचीत अर्धा गुणही नाही.

आपल्याला हा फरक किरकोळ वाटत असेल, म्हणून एक उदाहरण देतो. २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले डॉ. आंबेडकरांचे भाषण घ्या. त्यातल्या एका भागाचा सारांश एका ओळीचा : राजकीय समतेबरोबर सामाजिक आणि आर्थिक समताही हवी. झाले, गुण मिळाले. आता ते कसे पटवले ते पाहा. आधी २६ जानेवारी १९५० ही तारीख येते, म्हणजे सभागृहातला प्रत्येक जण ज्याची वाट पाहतोय तो दिवस. त्याच दिवशी आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकणार, असे ते म्हणतात. आनंदाच्या तारखेलाच इशारा बांधला की ऐकणाऱ्याला तो बाजूला सारता येत नाही. मग 'किती काळ' हा प्रश्न, तोही पुन्हा पुन्हा. आणि सगळीकडे 'आपण', 'तुम्ही' नाही. मसुदा समितीचा अध्यक्ष स्वतःला दोषात धरतो, तेव्हा समोरच्याला बचावाला उभे राहायला जागा उरत नाही. शेवटी परिणाम सांगितला आहे : विषमता दूर झाली नाही, तर जे ती सोसतात तेच लोकशाहीचा हा डोलारा उद्ध्वस्त करतील. यातले काहीही तुमच्या सारांशात मावत नाही.

हे शिकवायला परदेशी पुस्तके लागत नाहीत. आपल्याकडच्या तर्कविद्येने, म्हणजे न्यायशास्त्राने, युक्तिवादाचे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन हे पाच अवयव केव्हाच सांगून ठेवले आहेत. डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा), कारण धूर दिसतो (हेतू). जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत (उदाहरण). या डोंगरावर तसाच धूर आहे (उपनय), म्हणून तिथे आग आहे (निगमन). भाषणांत नेमका हा 'जिथे धूर तिथे आग' वाला सांधा बहुधा बोलला जात नाही. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी घरोघरी पत्रक येते : 'प्रकल्प आला की गावातल्या मुलांना नोकऱ्या मिळतील, म्हणून ठरावाला पाठिंबा द्या.' प्रकल्पवाले गावातल्याच मुलांना घेतील, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. वाचणारा ते मनातल्या मनात भरून घेतो. 'म्हणून' या शब्दाखाली रेघ मारायची आणि विचारायचे, हे खरे ठरायला आणखी काय खरे असावे लागेल? नववीतल्या मुलाला हे जमते.

त्याला मराठीचे तीन तास लागतात. पहिल्या तासाला उतारा मोठ्याने वाचायचा, पेन्सिल हातात घ्यायची नाही. दुसऱ्याला प्रतिज्ञेखाली रेघ, हेतूंना आकडे आणि समासात एकच प्रश्न : हे कोणाला उद्देशून आहे? तिसऱ्याला एक परिच्छेद लिहायचा. त्यात वक्त्याची एक कृती, त्याचे चार-पाच मूळ शब्द आणि त्या शब्दांनी ऐकणाऱ्याचे काय होते ते. 'सांगतो' हे क्रियापद बंद. नाकारतो, कबूल करून बाजूला सारतो, चुचकारतो, घाबरवतो, असे लिहायचे. चुका ठरलेल्या असतात. मुले लिहितात, 'वक्त्याने अनुप्रास वापरल्यामुळे भाषण प्रभावी झाले.' ती असे लिहितात कारण वर्षानुवर्षे आपण 'अलंकार ओळखा, गुण १' एवढेच विचारत आलो. नाहीतर वक्त्याचे बरोबर की चूक यावर निकाल देऊन मोकळी होतात.

आकड्यांचे तसेच. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात दोन पानांना (वेगळे राहण्याला) १,७२,१९१ मते पडली, फुलाला (विलीनीकरणाला) १,३८,१७०. '३४,०२१ मतांनी निकाल लागला' म्हणा किंवा 'शंभरातल्या चव्वेचाळीसहून अधिक मतांना विलीनीकरण हवे होते' म्हणा. दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही ऐकून उठणारा माणूस वेगवेगळा असतो. गोव्यातल्या मुलाला हे गोव्याच्याच आकड्यांवर शिकता येते. विचारतो कोण?

विचारायचे नाही, असेच ठरलेले आहे. वक्तृत्व स्पर्धेत शिक्षकाने लिहिलेले भाषण मूल पाठ म्हणते आणि हातवाऱ्यांना बक्षीस मिळते. उत्तरपत्रिका भराभर तपासून व्हाव्यात म्हणून उत्तरसूची, सूचीत बसावे म्हणून सारांश, सारांश येतो म्हणून शिकवणेही सारांशाचेच. त्यातून बाहेर पडलेली मुले अठराव्या वर्षी मतदार होतात आणि तुमच्या सभांना येतात. मंत्रिमहोदय, टाळी वाजवण्याआधी त्यांनी 'म्हणून'पाशी थांबावे, हे तुम्हांला हवे आहे की नको? आम्हांला सरळ उत्तर द्या.

मागणी मोठी नाही. न वाचलेला, अडीचशे शब्दांचा उतारा द्या. प्रतिज्ञा ओळखायला १ गुण, मूळ शब्दांसह एक युक्ती दाखवायला २, न बोललेले गृहीतक शोधायला २. उत्तरसूचीत 'उताऱ्यातून सिद्ध होणारे अन्य उत्तरही ग्राह्य' ही ओळ छापा आणि परीक्षकांना दहा तपासलेले नमुने द्या, म्हणजे एकाच उत्तराला एकाकडे चार आणि दुसऱ्याकडे एक असे होणार नाही. पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतर काढायला बसतो. सुधारित नमुना त्याआधी शाळांत पोचला पाहिजे.

डिचोली तालुक्यातील एक मराठी शिक्षक