बाबांच्या तपासणीबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, स्मरणशक्तीच्या तपासणीचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहूनच पाठवतेय. न्यूरोसायकॉलॉजिस्ट म्हणून मी रोज हेच काम करते. तिथे काय होतं ते कळलं तर धास्ती कमी होईल.

आधी बराच वेळ नुसतं बोलणं असतं. झोप कशी आहे, ऐकू नीट येतं का, गोळ्या कोणत्या, शिक्षण किती, आयुष्यभर काम काय केलं. हे विचारल्याशिवाय पुढच्या आकड्यांना अर्थ नाही. चार इयत्ता शिकलेल्या बाईंना प्राध्यापकाच्या मापाने मोजलं, तर धडधाकट बाई आजारी ठरतील.

मग कागद-पेन्सिल. एका चाचणीत पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात आणि दर वेळी आठवतील तेवढे शब्द म्हणायचे असतात. मध्ये दुसरी कामं होतात. साधारण अर्ध्या तासाने तेच शब्द पुन्हा विचारतात, या वेळी यादी न वाचता. समजा, चारच आठवले. पेशंटचा चेहरा इथे पडतो. मी मात्र पुढच्या पायरीची वाट बघत असते. "हा शब्द यादीत होता का?" असं एकेक विचारलं की काही जण बहुतेक सगळे बरोबर ओळखतात. म्हणजे शब्द आत गेले होते, बाहेर काढताना अडत होतं. नैराश्यात असं होऊ शकतं. अल्झायमरमध्ये मात्र ओळखणंही बहुधा जमत नाही, कारण शब्द साठलेलेच नसतात. दोघांचा आकडा चारच! एवढ्यावरून निदान कोणी करत नाही, पण नुसत्या आकड्याला का घाबरायचं नाही ते यातून कळतं.

हे बघायची नजर यायलाच माझी इतकी वर्षं गेली. मेंदूची रचना पुस्तकातून पाठ होते. पण पक्षाघातानंतर एका गृहस्थांनी घड्याळाचं चित्र काढताना बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले, तेव्हा मी चित्र बघत होते आणि मला शिकवणाऱ्या मॅडम त्यांचा हात बघत होत्या: सुरुवात कुठून केली, कुठे थांबले, डावी बाजू रिकामी राहिल्याचं त्यांना जाणवलं का. त्यांना ते जाणवलंच नव्हतं.

शिकताना मला सगळ्यात भिडली ती हेन्री मोलेसनची हकिगत. 1953 साली फिट्ससाठी केलेल्या ऑपरेशननंतर त्याच्या मनात नवी आठवण टिकेना. पण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आदल्या दिवशी गिरवल्याचं मात्र त्याला आठवत नसे. काय शाबूत आहे हे शोधणं म्हणूनच मला काय गेलं याइतकंच मोलाचं वाटतं. पुढचे उपाय जे शाबूत आहे त्याच्याच आधाराने आखता येतात.

बाबा, तुमची तपासणी मी करणार नाही. आपल्या माणसाची करू नये, नकळत मदत होते. माझ्या एका सहकारी बाईंकडे जाऊ. त्याआधी बी-12 आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं. मोबाइलवर शोधून चाचण्यांची तयारी करू नका, निकाल फसवा येईल. चष्मा आणि कानाचं मशीन न्यायला विसरू नका. आई, तूही चल, तुझ्याशी त्या वेगळं बोलतील.

सकाळची वेळ मागते, दुपारी बाबांना थकवा येतो. कोणता दिवस चालेल ते रविवारी फोनवर सांगा.

तुमची,
अनू