गंजाचं कौतुक तुमच्याकडे, डाग आमच्याकडे

संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. रविवारच्या पुरवणीतला कोर्टेनवरचा, म्हणजे इमारतींना बाहेरून रंगाशिवाय उघडं लावतात त्या गंजणाऱ्या पोलादावरचा, लेख वाचला, दोनदा वाचला, आणि सोमवारी दिवसभर तोच डोक्यात घोळत राहिला म्हणून लिहायला बसलोय. लेख छान आहे, फोटो तर फारच छान. भिंत म्हणे वयाबरोबर पिकत जाते आणि रंगाचा खर्च म्हणे कायमचा वाचतो. वाचत असेल बुवा. ज्याच्या भिंतीला लावलंय त्याचा वाचत असेल, समोरच्याचं काय ते लेखात कुठे सापडलं नाही.

समोरचा म्हणजे मी. माहीमला राहतो, समुद्र चालत सात मिनिटं. आमच्या जुन्या बिल्डिंगला लागून, मधे जेमतेम दहा फुटांची गल्ली सोडून, दोन वर्षांपूर्वी ऑफिसांची एक नवी इमारत उभी राहिली आणि तिच्या आमच्याकडच्या अंगाला वरपासून खालपर्यंत हेच तुमचे पिकणारे पत्रे.

आता पानाची गोष्ट ऐका. मागच्या जुलैत आईचं पांढरं सुती पातळ गॅलरीत दांडीवर वाळत घातलं होतं, संध्याकाळी काढायला गेलो तर पदरावर चार-पाच लालसर डाग, कडेला फुटलेले. आई ८८ वर्षांची, तिने चष्मा न लावताच निकाल दिला, पानाची पिचकारी आहे, वरून कोणीतरी थुंकलंय. आमच्या वर तिसऱ्या मजल्यावर गुरुजी राहतात, रिटायर्ड मास्तर, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस. पण त्यांच्याकडे तेव्हा गावाहून पुतण्या आलेला, तो खायचा. झालं. मी वर जाऊन बोलून आलो, जरा जास्तच बोललो. पुढच्या आठवड्यात उशीच्या अभ्र्यावर डाग, मग माझ्या बनियनवर. सेक्रेटरीने जिन्यात बोर्ड लावला, गॅलरीतून थुंकणाऱ्यास दंड. पुतण्या बिचारा गावी निघून गेला तरी डाग पडतच होते, मग तर आमची खात्रीच पटली की गुरुजी स्वतःच लपूनछपून खातात. तीस वर्षांत पहिल्यांदा ते आमच्याकडे गणपतीच्या आरतीला आले नाहीत.

गणपती झाल्यावर एका दुपारी गॅलरीत बसून तुमचंच शब्दकोडं सोडवत होतो, बाहेर रिपरिप आणि वारा आमच्या दिशेने, आणि टपकन एक थेंब बरोबर अर्ध्या भरलेल्या चौकटीत पडला. कातासारखा रंग. वर बघितलं तर गुरुजींच्या गॅलरीचं दार बंद, कुलूप, ते मुलीकडे डोंबिवलीला गेलेले. बोट फिरवलं तर खरखर लागली. पानाला खरखर नसते हो. वास घेतला आणि मला स्वतःचीच लाज वाटली, कारण हा वास मी एकतीस वर्षं घेतलाय. बायकोने लिंबू कापून मीठ टाकून पदर चोळला, उन्हात टाकला, डाग फिका पडला. पानाचा असता तर पडला असता का ते मला माहीत नाही पण लोखंडाचा लिंबाला घाबरतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

एकतीस वर्षं म्हणजे रेल्वेच्या कॅरेज वर्कशॉपमध्ये, करोजन म्हणजे गंजाच्या सेक्शनला. तुमच्या लेखकाला कोर्टेन आर्किटेक्टने शोधून काढलंय असं वाटतंय. साहेब, ते अमेरिकेत १९३३ च्या सुमाराला बाजारात आलं आणि लागलं ते कोळशाच्या वाघिणींना, आणि आपल्याकडचे ते निळे आयसीएफ डबे, ज्यातून अख्ख्या महाराष्ट्राने आजोळी ये-जा केली, त्यांचं अंग याच जातीच्या पोलादाचं. लोखंडात थोडं तांबं, थोडं क्रोमियम, फॉस्फरस, की गंज सावकाश चढावा. सावकाश म्हटलंय, चढणार नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. संडासाखालचा भाग, दाराचा उंबरा, खिडकीखाली जिथे पाणी मुरतं तिथे, डबा पीओएचला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीला, आला की खालून हातोडीने ठोकत जायचं, ठण्ण आवाज आला तर पुढे, भद्द आला की खडूने गोल करायचा आणि कापून नवीन तुकडा वेल्ड करायचा. कधी कधी ठोकताना हातोडीच आत जायची. आणि हे सगळं रंग लावलेल्या पत्र्याचं बरं का, प्रायमर, वर रंगाचे हात, दर खेपेला. उघडं ठेवायचं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. शेवटी रेल्वेने नवीन एलएचबी डब्यांचं अंग स्टेनलेसचं केलं आणि २०१८ पासून आयसीएफ डबे बनवणंच बंद केलं. आम्ही जे आयुष्यभर कापून भंगारात टाकलं ते आता लोक स्क्वेअर फुटाच्या भावाने भिंतीला लावतायत, करा चैन.

म्हणजे माल वाईट आहे का? नाही. उगाच खोटं कशाला बोला. या पोलादाला भिजायला पाहिजे आणि मग नीट वाळायला पाहिजे, परत भिजायचं परत वाळायचं, असं होत होत वरचा गंज घट्ट बसतो आणि आतल्या लोखंडाला झाकून टाकतो. वाळायची सवडच मिळाली नाही, किंवा हवेत मीठ असलं, की तो थर घट्ट बसत नाही, सुटत राहतो आणि खालून नवीन गंज येत राहतो. इंग्लंडात पुलांना हे पोलाद वापरायचं तर समुद्रापासून दोन किलोमीटर लांब राहा असं सांगतात. आम्ही सात मिनिटांवर. जून ते सप्टेंबर आमच्या गल्लीत टॉवेल वाळत नाही तिथे पत्रा कुठून वाळणार?

लेखात मोलीनच्या, ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअर कंपनीच्या ऑफिसचा फोटो आहे, आर्किटेक्ट सारिननचं, १९६४ चं. सुंदरच आहे, पण इलिनॉयमध्ये आहे, तिथून समुद्र हजार-दीड हजार किलोमीटर. पिट्सबर्गच्या ६४ मजली टॉवरचाही फोटो आहे, पण त्याने सुरुवातीला आजूबाजूचे फुटपाथ तपकिरी करून ठेवले होते ते छापायचं राहिलं. अटलांटाचं ओम्नी स्टेडियम तर लेखात नावालाही नाही. १९७२ ला उघडलं, दमट हवेत गंज थांबेचना, भिंतीला भोकं पडली आणि त्यातून माणसं आत घुसू नयेत म्हणून जाळ्या ठोकाव्या लागल्या, १९९७ ला सुरुंग लावून पाडलं. होनोलुलूचं अलोहा स्टेडियम १९७५ चं, समुद्राकाठचं, तिथेही खाऱ्या हवेने तेच केलं आणि मग दुरुस्त्या काढा, रंग मारा. ज्याला रंग लागत नाही म्हणून आणलं त्यालाच रंग. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, त्याने ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटर या स्टेडियमचं सांगितलं, २०१२ चं. तिथे जवळजवळ बारा हजार पॅनल आधी कारखान्यात कित्येक महिने भिजवून-वाळवून, पिकवून लावले, तरी फुटपाथवर थेंब पडलेच. तिथे पिकवून आणले तरी ही कथा आणि आमच्या समोरचे पत्रे तर ट्रकमधून उतरले तेव्हा काळेकुळकुळीत होते, मी स्वतः गॅलरीतून बघितलेत.

तर मी गेलो समोर. एक तरुण आर्किटेक्ट भेटला, गोड मुलगा, पाणी विचारलं, बसा म्हणाला. काका, ते ब्लीड होतंय, नॉर्मल आहे, पॅटिना, म्हणजे वरचा गंजाचा थर, स्टेबल झाला की थांबेल. म्हटलं किती दिवसात? म्हणाला दोन-तीन वर्षं. म्हटलं पावसाळा धरून की सोडून? तो हसला, मी नाही हसलो. मग खिशातून पुडी काढली, आमच्या छज्ज्यावर पडलेला पापुद्रा होता तो उलगडून दाखवला, खारीसारखा, बोटाने दाबला की पदर सुटतात. बसलेला गंज असा पदराने सुटत नाही रे बाळा, त्याचा बारीक भुगा पडेल फार तर. हा साधा पत्रा तर नाही ना, ॲसिड मारून लाल केलेला? तो गप्प झाला, म्हणाला व्हेंडरला विचारतो. त्याला आता आठ महिने होतील, व्हेंडर बहुतेक विचारातच आहे.

आमचं मागणं काही ताजमहाल पाडा असं नाहीये. पत्र्याच्या खालच्या कडेला एक पन्हळ लावा, पाणी पाइपाने तुमच्या गटारात सोडा, आणि आमच्या कंपाउंडची भिंत मागच्या एप्रिलमध्ये वर्गणी काढून रंगवली होती ती आता झेब्रा झालीय, तेवढी एकदा रंगवून द्या. हिशेब माझ्याकडे आहे, पावतीसकट, मी खजिनदार आहे.

आणि तुम्हालाही एक विचारायचंय. लेख पान चारवर आणि पान पाचवर अख्खं पानभर एका टॉवरची जाहिरात, त्यात तसाच गंजका रंग आणि खाली रस्टिक फसाड. योगायोग असेल. असतात योगायोग. पण लेखाच्या डोक्यावर बारीक अक्षरात काही लिहायचं असतं ते राहून तर गेलं नाही ना, एवढं बघा. फोटोही सगळे हिवाळ्यातले, निळं आकाश, कोरडी जमीन. जुलैतला एक तरी छापायचा होता, माझ्याकडे मोबाइलमध्ये चाळीसेक आहेत, पाठवू का?

गुरुजींकडे मी पेढे घेऊन जाऊन आलो. ते काही बोलले नाहीत, पेढा घेतला. जिन्यातला थुंकण्याचा बोर्ड मात्र सेक्रेटरी काढत नाही, म्हणतो राहू दे, उपयोगी पडेल.

आपला,
एक रिटायर्ड फिटर, माहीम

ता. क. – ज्या कोड्यावर तो थेंब पडला त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी तुम्ही छापलंच नाही, आदल्या दिवशीचंच परत छापलं. तेव्हाच लिहिणार होतो. उभा शब्द १४ अजून अडलाय.