माळावर खड्डे मार्चमध्ये नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘उजाड माळावर फुलणार वनराई’ ही बातमी आपल्या जिल्हा पानावर वाचली. जत तालुक्यातल्या एका गावाने गायरानावर लोकसहभागातून झाडे लावायचे ठरवले आहे. खड्डे मार्चअखेर खणायचे, दोन महिने उन्हात तापू द्यायचे आणि मृग लागला की रोपे लावायची, असा बेत दिसतो. गावाच्या उत्साहाचे कौतुकच आहे. आमच्याकडे पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे सावलीची किंमत आम्हाला कोणी शिकवायला नको. माझी हरकत जागेला आहे आणि त्याहून जास्त त्या दोन महिन्यांना.

मार्च ते मे हा माळटिटवीच्या विणीचा ऐन भर. तळ्याकाठी, ओढ्याकाठी रात्री-अपरात्री कालवा करणारी लाल गाठीची टिटवी सगळ्यांना माहीत असते. (तिचे ओरडणे अशुभ म्हणून तिला दगड मारणारेही गावोगाव आहेत.) माळटिटवी वेगळी. डोक्यावर काळी टोपी, टोपीच्या कडेने पांढरी पट्टी, डोळ्यापुढे लोंबणारी पिवळी गाठ, लांब पिवळे पाय, आणि आवाज बारीक, तुटक. पाण्यापासून लांब, मुरमाड, खुरट्या गवताची जमीन तिला लागते. भारतीय उपखंड सोडून ती सहसा कुठे आढळत नाही. म्हणजे बातमीतला ‘उजाड’ माळ हेच तिचे घर.

घरटे म्हणावे असे काही ती करत नाही. जमिनीत तळहाताएवढा उथळ खळगा, त्यात आसपासचे थोडे खडे आणि बहुधा चार अंडी, निमुळती टोके आतल्या बाजूला. रंग मुरमाचाच, वर काळपट डाग. एकदा नजर हलली की तीच अंडी पुन्हा सापडत नाहीत. आमच्याकडचे मेंढके मात्र अंडी शोधतच नाहीत, ते पक्ष्याकडे बघतात. टिटवी एकाएकी पंख ओढत लंगडायला लागली की समजायचे, ती नेते त्याच्या उलट बाजूला अंडी किंवा पिल्ले आहेत. ते शीळ घालून कळप वळवतात. हे ज्ञान कुठल्या प्रकल्प अहवालात येत नाही.

अंडी फुटायला सत्तावीस ते तीस दिवस लागतात. या दिवसांत अंड्यांना उबेपेक्षा सावलीची गरज जास्त असते. भर दुपारी टिटवी अंड्यांवर बसत नाही, पाय जरा वाकवून वर उभी राहते, चोच उघडी टाकून धापा टाकत, आणि अंडी आपल्या सावलीत ठेवते. मेंढरांसाठी भरलेल्या डोणीवर दुपारी नीट लक्ष ठेवले तर आणखी एक गंमत दिसते. टिटवी येते, पाणी पिते आणि मग उथळ पाण्यात बसून पोटाची पिसे चांगली भिजवून घेते. तशीच ओल्या पोटाने परत जाऊन ती अंड्यांवर बसते. पिल्लांनाही याच युक्तीने गारवा मिळतो.

आता याच माळावर पंचवीस माणसे आणि एक जेसीबी दिवसभर काम करताना डोळ्यांपुढे आणा. पायाखाली एकही अंडे फुटले नाही, तरी पक्षी भीतीने जवळ येणार नाही आणि एप्रिलच्या उन्हात उघडी पडलेली अंडी आतल्या आत शिजतील. पिल्ले बाहेर आली तर निराळेच संकट. ती जन्मल्यावर लगेच चालू लागतात, आईबापांमागे फिरून स्वतःच किडे, वाळवी टिपतात आणि धोका दिसला की पळण्याऐवजी जमिनीला चिकटून निपचित पडतात. घारीपुढे हा डाव चालतो, जेसीबीच्या चाकापुढे नाही. उभ्या कडेच्या खड्ड्यात किंवा चरात पडलेल्या पिल्लाला उडता येत नाही आणि चढताही येत नाही. ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ अशी आपल्याकडे म्हण आहे, पण त्या समुद्राकडे जेसीबी नव्हता.

हा प्रश्न एकट्या टिटवीचा नाही. धाविक, पखुर्डी, डोंबारी चंडोल या माळावरच्या पक्ष्यांचीही अंडी याच जमिनीवर असतात. शेजारच्या सोलापुरात माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, तरी आज तिथे माळढोक दिसणे ही बातमी ठरते. माळटिटवीवर अजून ती वेळ आलेली नाही. तशी येईपर्यंत थांबायचे कारण नाही.

म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आले, द्राक्षे-डाळिंबे आली, बराच माळ मोडला. पोटाचा प्रश्न होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण जो गायरानाचा तुकडा उरला आहे तो रिकामा नाही. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांवर माडग्याळ जातीची मेंढरे जगतात, आणि मेंढरांनी गवत आखूड ठेवले म्हणून टिटवीला चहूकडे नजर ठेवता येते. तिथे गिरीपुष्पाच्या झाडांच्या ओळी उभ्या केल्या की सावलीत गवत मरते, कावळ्यांना टेहळणीला फांदी मिळते आणि मेंढके दुसऱ्या गावाची वाट धरतात. फोटोत मात्र हिरवे दिसते.

झाडे लावूच नयेत असे मी म्हणत नाही. ओढ्याच्या दोन्ही काठांवर, बांधावर, रस्त्याकडेला, शाळेत आणि वस्त्यांवर बाभूळ, कडुनिंब, बोर, चिंच लावायला भरपूर जागा आहे, आणि पाणी घालायला तिथे माणसेही आहेत. गायरानाच्या कडेला लावायचीच असतील तर खड्डे दिवाळीनंतर, जमिनीत ओल असताना खणावेत. खणणाऱ्याचे हातही वाचतील. फेब्रुवारी संपला की आखाडापर्यंत माळावर खणणे, नांगरणे, गवत पेटवणे बंद ठेवावे. आणि कुठेही खुणेचा चुना टाकण्यापूर्वी गावातल्या एखाद्या जुन्या मेंढक्याला बरोबर घेऊन सकाळी एक चक्कर मारावी. टिटवी कुठून उठते ते तो लांबून सांगेल.

संबंधित गावाची ग्रामसभा अजून व्हायची आहे असे कळते. तिच्याआधी हे पत्र छापून आले तर उपयोग होईल.

कळावे,
आपला एक वाचक,
ता. जत, जि. सांगली